नवीन मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाहीये? मोजा वापरून बघा

मोठं मांजर दत्तक आणलं की ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि आपण हाका मारून मारून त्याला अजूनच घाबरवतो. ओढून तर अजिबात काढू नका.

१. सुरुवातीला एकच छोटी खोली द्या. खाणं-पाणी एका कोपऱ्यात, लिटर ट्रे (म्हणजे त्याच्या शी-शूचा ट्रे) पार दुसऱ्या टोकाला, आणि लपायला एक आडवं खोकं.

२. खोलीत जाऊन नुसतं जमिनीवर बसा, मोबाईल बघा, त्याच्याकडे टक लावून बघू नका.

३. ते स्वतःहून जवळ आलं की स्वच्छ मऊ मोज्याने त्याचे गाल नि हनुवटी हलकेच पुसा, मग तोच मोजा बाकीच्या घरात दाराच्या चौकटी, सोफ्याचे पाय, भिंतीचे कोपरे असं त्याच्या गालाच्या उंचीवर घासत फिरा, म्हणजे दार उघडाल तेव्हा बाहेर त्याला स्वतःचाच वास येतो आणि भीती बरीच कमी होते. हे रोज करा, खरंच फरक पडतो. मोजा मात्र मध्येच धुवू नका.

लपून बसलं तरी चालेल, पण २४ तास काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) फोन करा, उपाशी राहिल्याने मांजराच्या लिव्हरला त्रास होऊ शकतो, जाड मांजराला तर जास्तच.