पगाराबाहेरचे देणे : मनुष्यबळ विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

मनुष्यबळ विभागात रुजू झाल्यावर माझ्याकडे सोपवलेले पहिले स्वतंत्र काम म्हणजे राजीनामा दिलेल्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घेणे. कंपनी अंधेरीच्या एमआयडीसी परिसरात होती, कर्मचारी सुमारे २०० आणि काम विमादाव्यांची कागदपत्रे तपासण्याचे. मुलाखतीच्या छापील अर्जावर ‘कारण’ या रकान्यात बहुतेक जण ‘अधिक चांगली संधी’ एवढेच लिहीत, आणि त्यावरून मी माझ्या पहिल्या अहवालात लोक पगारासाठी जात आहेत असे नोंदवले. व्यवस्थापनाने ते मान्य करून थोडी पगारवाढ दिली. एक तिमाही राजीनामे कमी झाले आणि मग पूर्वीइतकेच येऊ लागले.

चूक कुठे झाली हे मला बदलापूरहून येणाऱ्या एका सहकारी बाईंमुळे कळले. अर्ज भरून झाल्यावर, फाइल मिटल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, तिकडे पगार हजारभर रुपयांनीच जास्त आहे, पण तिकडे लेट मार्क नाही.” सकाळची बदलापूर लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि मग चालत, असा त्यांचा रोजचा प्रवास होता. मध्य रेल्वेवर गाडी दहा मिनिटे रखडली की ९:४० ची मर्यादा ओलांडली जायची, आणि आमच्या नियमाप्रमाणे तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जायची. दिवसभरात त्या कुणाहीपेक्षा जास्त दावे तपासत, पण दिवसाची सुरुवात रोज अपराधी भावनेने होई. आमच्या अर्जात यासाठी रकानाच नव्हता. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे आहे की मुलाखतीचा अर्ज आधी भरून घ्यावा, बाजूला ठेवावा आणि त्यानंतर निदान पंधरा मिनिटे शांतपणे समोर बसावे, कारण जे ऐकायला हवे ते बहुधा त्या पंधरा मिनिटांतच ऐकायला मिळते.

अभ्यासक्रमात वाचलेले मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजले. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि लेखापाल यांना कामावर विशेष बरे वाटल्याचे आणि विशेष वाईट वाटल्याचे प्रसंग सांगायला सांगितले होते आणि त्यावरून १९५९ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. वाईट वाटल्याच्या प्रसंगांत कंपनीची धोरणे, वरिष्ठांची देखरेख, पगार आणि कामाची परिस्थिती यांचा उल्लेख जास्त येत होता, तर बरे वाटल्याच्या प्रसंगांत काही साध्य केल्याचे समाधान, कामाची दखल, प्रत्यक्ष काम आणि जबाबदारी यांचा. परीक्षेसाठी आपण या दोन याद्या पाठ करतो, पण पगार आणि लेट मार्कचा नियम एकाच यादीत बसतात हे मात्र निसटून जाते. दोन्हींत कमतरता असेल तर माणूस नाराज होतो, आणि एकीकडची नाराजी दुसरीकडे थोडे पैसे वाढवून जात नाही. या मांडणीवर नंतर बरीच टीका झाली आणि तीही वाचायला हवी, तरी ‘नाराजी दूर होणे’ आणि ‘कामात मन लागणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा तिचा गाभा मला अनुभवाने पटलेला आहे.

पैशाव्यतिरिक्तच्या लाभांचा विचार सुरू करण्यापूर्वी एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. कायद्याने जे द्यावेच लागते, ते लाभ म्हणून मिरवू नये. भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), २६ आठवड्यांची प्रसूती रजा, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हे सारे हक्क आहेत. नोकरीच्या प्रस्तावपत्रात ते ‘आमच्या खास सुविधा’ म्हणून छापलेले दिसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, आणि विशेषतः मुंबईत वाटते, कारण साप्ताहिक सुटीसारखी आज गृहीत धरली जाणारी गोष्टही या शहरात मागून आणि झगडून मिळवावी लागली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. तसेच महिन्याचा पगार वेळेवर होत नसेल, तर इतर कोणत्याही योजनेला हात घालू नये. पगाराची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात प्रशस्तिपत्र देणे त्याला अपमानास्पद वाटते, आणि ते तसे वाटणे रास्तच आहे.

माझी स्वतःची पहिली योजना ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ ही होती. छायाचित्र सूचनाफलकावर लागे आणि भेटवस्तू मिळे. चौथ्या महिन्यापर्यंत ठरावीक पाच-सहा जणच आलटून पालटून निवडले जाऊ लागले, बाकीच्यांनी फलकाकडे पाहणे सोडले आणि सर्वांत त्रासदायक बाब अशी की अवघड फाइली कुणी हातात घेईना, कारण त्यांत वेळ जाऊन संख्या घटत असे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची मला तेव्हा आठवण झाली. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावले, तर पुढे मोकळ्या वेळेत ती मुले चित्रांकडे कमी वळली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. मुलांवरचा प्रयोग प्रौढांच्या कचेरीला जसाच्या तसा लागू होत नाही याची मला जाणीव आहे, पण आधी जाहीर केलेले बक्षीस कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलून टाकते हे मी त्या फलकाजवळ पाहिले आहे.

योजना बंद केली आणि तिच्या जागी दोन साध्या गोष्टी सुरू केल्या. पहिली अशी की कुणाचे काम चांगले झाले तर त्याच्या थेट वरिष्ठाने त्याच आठवड्यात, कोणत्या फाइलमध्ये काय चांगले केले ते नेमके सांगायचे. ‘छान काम’ एवढेच म्हणणे पुरेसे धरायचे नाही. “रुग्णालयाच्या बिलावरची आणि डिस्चार्ज कार्डावरची तारीख जुळत नाही हे तुम्ही वेळीच पाहिलेत, नाहीतर दावा नामंजूर झाला असता,” या वाक्यात आपले काम कुणीतरी लक्ष देऊन पाहिले आहे याचा पुरावा असतो. वरिष्ठांना अशी वाक्ये बोलायची सवय लागायला सहा महिने गेले, आणि या कामात माझा सर्वाधिक वेळ त्यांच्याशी बोलण्यातच गेला. दुसरी गोष्ट म्हणजे तपासलेल्या दाव्याचे पुढे काय झाले हे तपासणाऱ्याला कळवणे. तोवर फाइल टेबलावरून गेली की तिचा निकाल त्याला कधीच कळत नसे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी कामात मन लागण्यासाठी जी पाच वैशिष्ट्ये सांगितली आहेत, त्यांत आपल्या कामाचे इतरांच्या जगण्यावरील महत्त्व आणि कामाचा निकाल कळणे या दोन्हींचा समावेश आहे. आपण तपासलेल्या कागदांमुळे एका कुटुंबाला पैसे मिळाले हे कळल्यावर वीस वर्षे तेच काम करणारा एक सहकारी ते मला सांगायला मुद्दाम माझ्या टेबलापर्यंत आला होता.

तरीही मुंबईत सर्वांत मोलाचा लाभ कोणता, असे मला कुणी विचारले तर मी स्वतःच्या वेळेवरचा ताबा असेच उत्तर देईन. लेट मार्कचा नियम बदलायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले. अखेर सकाळी ८ ते १०:३० या दरम्यान केव्हाही यावे आणि ठरलेले तास भरून जावे, अशी मुभा मिळाली. पहाटेची रिकामी गाडी धरणारे लवकर येऊ लागले, आणि मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या बायकांची धावपळ थांबली. ही मुभा साफसफाई आणि पँट्रीतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना मात्र सुरुवातीला दिली गेली नव्हती. ते कुणाच्या लक्षातच आले नाही, माझ्याही नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. नव्याने येणाऱ्यांनी कोणतीही सवलत लिहिताना ती कुणाला लागू नाही हे आधी लिहून काढावे.

रजेचेही असेच आहे. आमच्याकडे कोकणातले सहकारी पुष्कळ आणि गणपतीची रजा हा दरवर्षीचा तणावाचा विषय. अर्ज वेळेवर येत, पण मंजुरी आदल्या पंधरवड्यात मिळे आणि तोवर गाड्या भरून गेलेल्या असत. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून आम्ही रजेचा निर्णय आरक्षण उघडण्याच्या तारखेआधी देण्याचा नियम केला. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि आदल्या दोन दिवसांच्या तिकिटांचे आरक्षण जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडणार होते, तेव्हा १५ जूनला रजेचा तक्ता फलकावर लावला. कुणाला पहिले पाच दिवस, कुणाला विसर्जनापर्यंत, आणि ज्यांना त्या वर्षी जाता आले नाही त्यांचे नाव पुढच्या वर्षासाठी सर्वांत वर. या नियमासाठी कंपनीला एक रुपयाही खर्च आला नाही. आरक्षण उघडले त्या दिवशी सकाळी आठ वाजता अर्धा मजला मोबाइलवर तिकिटे काढत होता आणि त्यांचे वरिष्ठ शेजारी उभे राहून त्यांच्या फाइली पुढे सरकवत होते.