प्रशिक्षण झालं, पण वॉर्डात काही बदललं नाही? या चुका टाळा

टांझानियातल्या हायडोम इथल्या रुग्णालयात 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हे एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं गेलं. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला बॅग-मास्कने (हाताने दाबून हवा देणारी पिशवी आणि मास्क) श्वास द्यायला सुरुवात करायची, हा या अभ्यासक्रमाचा गाभा. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, कर्मचाऱ्यांचा हात आधीपेक्षा कितीतरी चांगला चालत होता. पण लेबर रूममध्ये, खऱ्या बाळांच्या बाबतीत, काम पूर्वीसारखंच चाललं होतं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. आरोग्य क्षेत्रात प्रशिक्षण आखणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा असं मला वाटतं.

कारण पुढे त्याच रुग्णालयाने अभ्यासक्रम बदलला नाही, पद्धत बदलली. सराव कामाच्या जागीच सुरू केला, दर आठवड्याला, फक्त तीन ते पाच मिनिटांचा. जन्मानंतर २४ तासांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं.

म्हणजे सगळ्यात महागात पडणारी चूक ही: एकदा शिकवलं की झालं, असं धरून चालणं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रशिक्षणाचं कार्ड दोन वर्षं चालतं, पण छाती दाबण्याचं कौशल्य काही महिन्यांतच ढासळू लागतं. कार्डाची मुदत आणि हाताची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर उपाय खर्चिक नाही. मॅनिकिन ट्रेनिंग हॉलच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका, लेबर रूमजवळ ठेवा. ड्यूटी बदलताना दोघींनी दोन-तीन मिनिटं हात चालवायचा. छाती वर येत नसेल तर काय करायचं, याचा क्रम तोंडाने म्हणत करायचा: मास्क पुन्हा नीट बसवा, मानेची स्थिती सुधारा, तोंड-नाक साफ करा, तोंड किंचित उघडं ठेवा, मग बॅग थोडी जोरात दाबा. पंधरा दिवस हे केलं की कोणाच्या मास्कमधून हवा निसटते ते लगेच कळतं. ते तिथल्या तिथे, न ओरडता दुरुस्त करायचं. ज्युनियर सिस्टर वरिष्ठांसमोर चुकायला घाबरत असेल, तर सराव नुसता देखावा ठरतो.

दुसरी चूक विषय निवडताना होते. आपण बहुतेक वेळा आवडीच्या विषयाचं वेबिनार लावतो, म्हणजे जे आधीच बऱ्यापैकी येतं तेच. कुठे कमी पडतो हे स्वतःला नीट कळतं असं प्रत्येकाला वाटतं, पण २००६ साली डॉक्टरांच्या आत्मपरीक्षणावर एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या २० तुलनांपैकी १३ मध्ये स्वतःबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष कौशल्य यांचा संबंध क्षीण, शून्य किंवा चक्क उलटा निघाला. त्यामुळे विषय ठरवण्याआधी गेल्या तीन महिन्यांची नोंदवही उघडा. कोणत्या केस पुढे पाठवाव्या लागल्या, औषधाचा डोस कुठे चुकता चुकता राहिला, कोणत्या वेळी सगळेच गोंधळले? विषय तिथे लिहिलेला असतो.

नोंदणीसाठी लागणाऱ्या शिक्षणाच्या तासांचा हिशेब शेवटच्या महिन्यावर ढकलणं तर सगळीकडे दिसतं. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफना नोंदणी टिकवण्यासाठी तीन वर्षांत ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यातले किमान २० तास इतरांसोबत शिकलेले हवेत आणि शिवाय आत्मचिंतनाच्या पाच लेखी नोंदी. त्या नोंदी घाईत लिहिल्या की 'सत्र उपयुक्त होतं' एवढंच उरतं. सत्र झालं त्याच आठवड्यात चार ओळी लिहा: आधी काय करत होतो, आता काय वेगळं करणार.

आता परदेशातल्या प्रशिक्षणाबद्दल. इथे पैसा, रजा आणि आशा तिन्ही पणाला लागलेल्या असतात, म्हणून जरा सविस्तर. जायच्या आधी लेखी विचारा की रुग्णाला हात लावता येणार आहे का. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे बघणं. त्या देशाची नोंदणी नसेल तर साधारणपणे तपासणी, प्रक्रिया, केस पेपरवर नोंद यातलं काहीच करू देत नाहीत. हात बसवायला गेलेला माणूस सहा आठवडे भिंतीला टेकून उभा राहतो, ही निराशा टाळता येण्यासारखी आहे. मिळणारे क्रेडिट (प्रशिक्षणाचे गुण) आपली नोंदणी करणाऱ्या कौन्सिलला चालतात का, हेही आयोजकांना न विचारता कौन्सिललाच विचारा. आणि घाऊक ईमेल पाठवून 'वक्ता म्हणून या' म्हणणाऱ्या, एकाच सभागृहात दहा विषय उरकणाऱ्या परिषदांपासून लांब राहा.

परत आल्यावरची अडचण त्याहून मोठी. नवं शिकून आलेला एकटा असतो आणि वॉर्ड जुन्या पद्धतीने चालत असतो. महिन्याभरात तोही जुन्या पद्धतीवर येतो आणि मग सगळे त्याच्या इच्छाशक्तीला नावं ठेवतात. मला हे अन्यायाचं वाटतं. आधी नेमकं अडतंय कुठे ते शोधा. हात विसरला असेल तर सराव लावा. साहित्य नसेल तर सराव कितीही लावला तरी उपयोग नाही. मशीन, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस आहे का, हे पाठवण्याआधीच बघायला हवं होतं. वरिष्ठांची परवानगी नसेल तर लेखी प्रोटोकॉल लागेल. बाकीच्यांना माहीतच नसेल तर पुढच्या वेळी एकाला न पाठवता डॉक्टर आणि नर्स अशी जोडी पाठवा, आणि आल्यावर त्यांची ड्यूटी किमान काही आठवडे एकत्र लावा. प्रशिक्षणाहून आलेल्या सिस्टरची दुसऱ्याच दिवशी भलत्या वॉर्डात बदली करणं म्हणजे सगळा खर्च पाण्यात.

मुळात प्रत्येक वेळी जायलाच हवं असंही नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या केस गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवरून तज्ज्ञांसमोर मांडत आणि उपचार स्वतःच करत. २०११ साली निकाल आले: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, तर एकोच्या केंद्रांवर ५८.२ टक्के. शिकणाऱ्याने आपला रुग्ण, आपलं साहित्य, आपली जागा सोडली नाही, म्हणून शिकलेलं त्याच आठवड्यात वापरात आलं. अशा चर्चेत केस मांडताना रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, चेहरा दिसणारा फोटो आधी काढून टाका. एक्स-रेच्या कोपऱ्यात छापलेलं नाव हमखास राहून जातं, तेही झाका.