पऱ्हाटीच्या राखेची हिरवट झिलई

चीनमधील लोंगछ्वान येथील मातीच्या भांड्यांवरील हिरवट झिलईत, म्हणजे काचेसारख्या थरात, रंग म्हणून फार थोडे लोह असते आणि ते हिरवे दिसते ते भट्टीतील हवा कोंडल्यामुळे. तेच लोह भरपूर हवेत भाजले, तर झिलई पिवळट-तपकिरी उतरते. अशा झिलईला लागणारी राख आपल्याकडे विनासायास मिळते, कारण कापूस वेचून झाला की पऱ्हाटी चुलीतच जाते.

पऱ्हाटी स्वच्छ पत्र्यावर जाळावी, म्हणजे राखेत शेतातील माती येत नाही. राख पाण्यात कालवून, निवळलेले पाणी दोन-तीनदा ओतून टाकावे. ते पाणी हात भाजते, म्हणून रबरी मोजे घालावेत. वाळलेली राख बारीक चाळून वजनाने 40 भाग राख, 40 भाग फेल्डस्पार (झिलई वितळायला मदत करणारे खनिज), 20 भाग चिनी माती आणि वर सुमारे दीड टक्का लोह ऑक्साइड असे मिश्रण करावे. कोरडी पूड हाताळताना नाकातोंडावर मास्क हवाच. राख शेतागणिक बदलते, म्हणून आधी छोट्या तुकड्यांवर चाचणी घ्यावी. धानाच्या कोंड्याची राख मात्र हिच्या जागी चालत नाही. तिच्यात बहुतांश सिलिका असल्याने झिलई नीट वितळत नाही.

मडक्यांची लाल माती एवढ्या तापात ढासळते, त्यामुळे 1280 अंश सेल्सिअस सोसणारी माती घ्यावी. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती परिसरात काम करणाऱ्या कारागिरांकडे तिची चौकशी करता येईल. भांडे आधी सुमारे 900 अंशांवर भाजून, साईसारख्या दाट मिश्रणात क्षणभर बुडवावे, आणि बूड पुसून कोरडे ठेवावे, नाहीतर ते भट्टीतील फळीला चिकटते. थर पातळ पडला तर हिरवेपणाला खोली येत नाही. दक्षिण सोंग काळातील (बारावे-तेरावे शतक) लोंगछ्वानचे कारागीर म्हणूनच थरावर थर चढवीत.

खरी कसोटी भाजणीची आहे. साधारण 950 अंशांपर्यंत ज्योत मोकळी ठेवावी, आणि झिलई वितळून भांड्याचा पृष्ठभाग बंद करण्याआधीच धुराड्याची झडप थोडी लोटून हवा कमी करावी. ज्वाळा प्राणवायूसाठी धडपडत लोहातील प्राणवायू ओढून घेतात. दाट काळा धूर आवश्यक नाही, झरोक्यातून मऊ पिवळी ज्योत डोकावली की पुरे. या वेळी विषारी वायू निघतो, म्हणून भट्टी उघड्या अंगणात असावी आणि कोणी जवळ झोपू नये. 1280 अंशांना अर्धा तास थांबून सर्व भोके लिंपावीत आणि भट्टी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत, बहुधा दुसऱ्या दिवशीपर्यंत, तिचे दार उघडू नये.