कार्डं कूलरसमोर ठेवू नका

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात क्रिकेटची कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली पुठ्ठ्याची पानं, विकत घेणारा आणि विकणारा मी एकटाच. "कागदाच्या तुकड्याले पैसे मोजते हा पोट्टा," हे आमच्या मोठ्या आईचं मत, आणि ते पूर्ण चुकीचं नाही. तरी आजूबाजूच्या तीन-चार पोरांनी सुरुवात कशी करायची ते विचारलं, म्हणून लिहितो.

शाळेत असताना आम्ही टॉप्स या अमेरिकी कंपनीची 'क्रिकेट अटॅक्स' नावाची आयपीएलची कार्डं मारुतीच्या पारावर खेळायचो. गठ्ठ्याला रबर लावून खिशात. त्या रबराने कडेला पडणारी खाच म्हणजे कार्डाचं मरण, हे तेव्हा कोणाला माहीत!

खरा धडा मात्र कूलरने दिला. मे महिना, बाहेर ४५ अंश. पुण्याहून चाळीस चकचकीत कार्डं आली होती. फोटो काढायला स्लीव्हमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून, काढून टेबलावर मांडली आणि कूलर लावून जरा आडवा झालो. उठलो तर वाळवणावरच्या पापडासारखी सगळी वाकलेली. कार्डाच्या पुढच्या बाजूला चमकीचा थर असतो, मागे कागद. कागद ओल पितो, थर पीत नाही, म्हणून कार्ड वाकतं. आता माझी कार्डं स्टीलच्या डब्यात असतात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. टिनाच्या खोलीत डबा ठेवत नाही आणि पावसाळ्यात विनाकारण उघडत नाही.

एवढी काळजी कशाला? या धंद्यात भाव खेळाडूइतकाच कोपऱ्यांना असतो. अमेरिकेतली पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डांना १ ते १० असा दर्जा देते. चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत, एवढंच बघतात. तेच कार्ड, तोच खेळाडू, पण नऊ आणि दहाच्या भावात कधी कधी कितीतरी पटींचा फरक पडतो. बेसबॉलच्या मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, कारण सत्तर वर्षांनंतरही ते जवळपास कोरं होतं. त्या मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने पुढे समुद्रात बुडवली होती. उलट १९८० च्या दशकाच्या शेवटी तिकडे कार्डं इतकी छापली गेली की त्यातली बहुतेक आजही कवडीमोल आहेत. म्हणजे जुनं ते सोनं हा हिशेब इथे चालत नाही. आणि आपल्या साध्या कार्डाला परदेशी पाठवून दर्जा लावून घ्यायच्या भानगडीत पडू नका. डॉलरमधला खर्च कार्डापेक्षा जड होतो.

बंद पाकिटं फोडायचा नादही सोडा, आत कोणतं कार्ड निघेल ते कळत नाही, तो मटकाच आहे. हवं ते सुटं कार्ड घ्या. सगळे सचिन, धोनी, कोहलीमागे धावतात. मी विदर्भाच्या पोरांमागे असतो. वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव बाहेरचा माणूस सहज सोडतो, नागपूरचा गिऱ्हाईक मात्र आनंदाने घेतो.

एकदा २,२०० रुपये आगाऊ पाठवून सचिनचं नव्वदच्या दशकातलं कार्ड मागवलं. तालुक्याच्या सोनाराकडचं भिंग लावून पाहिलं, तर नावाची काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांनी बनलेली. अस्सल छपाईत फोटोला ठिपके दिसतात, काळी अक्षरं सहसा सलग असतात. स्कॅन करून छापलेला माल होता. पैसे गेलेच. तेव्हापासून आधी जवळून व्हिडिओ मागतो, मग पैसे.

विकताना कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडर म्हणतात त्या कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, ते दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि पॅकिंगचा व्हिडिओ. कुरिअरवाला गावात येत नाही, "फाट्यावर या भाऊ" म्हणतो, म्हणून मी तालुक्याला जाऊन स्पीड पोस्ट करतो. ते भाडंही वहीत लिहा. पहिल्या वर्षी मी ११,००० ची खरेदी केली आणि ७,४०० ची विक्री. वही नसती तर फायदा झाला असंच सांगत फिरलो असतो. सोयाबीनचा चुकारा हातात आला की आठ दिवस मोबाइलवर कार्डं बघतच नाही.

ती वाकलेली चाळीस कार्डं पुस्तकांच्या थप्पीखाली महिनाभर दाबून पाहिली, सरळ झाली नाहीत. शेवटी पुतण्याला दिली. पारावर खेळतात पोट्टे, रबर लावून.