परदेशातून जुनी अलॉय व्हील्स नाशिकला आणायची तर: परवाना, कर आणि हिशेब

जपान, दुबई किंवा जर्मनीतल्या विक्रेत्यांकडे जुन्या अलॉयचे सेट ज्या भावात दिसतात, तो पाहून गाडीवेड्या माणसाचा हात लगेच कार्डाकडे जातो. पैसे भरणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे, आणि म्हणूनच ते शेवटी टाकायचं. हा माल सरकार आत येऊ देईल का, तो आपल्या गाडीला बसेल का आणि दारात पोहोचेपर्यंत केवढ्याला पडेल, हे आधी याच क्रमाने पाहायचं. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि मग न्हावा शेवाच्या गोदामात अडकलेल्या खोक्याचं भाडं भरत बसतात.

आधी परवाना

भारताच्या परकीय व्यापार धोरण २०२३ मध्ये जुन्या मालाचे दोन गट आहेत. यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल, आणि बाकी सगळा. गाडीची जुनी चाकं दुसऱ्या गटात पडतात आणि तो गट 'निर्बंधित' आहे. म्हणजे बंदी नाही, पण परकीय व्यापार महासंचालनालयाची, अर्थात डीजीएफटीची, परवानगी आधी हातात हवी. 'घरच्या वापरासाठीच तर आणतोय' म्हटल्याने हा निर्बंध उठत नाही. कुरिअरने आणल्यानेही उठत नाही.

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. त्याचा नमुना एएनएफ-२एम. त्याआधी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, काढावा लागतो. त्याची फी ५०० रुपये असून आता पॅन क्रमांकच कोड म्हणून चालतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसलं तरी. हे राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते बहुधा माल बंदरात आल्यावरच कळतं.

अर्जात माल काय, किती, कुठून, कशासाठी, हे स्पष्ट लिहा आणि विक्रेत्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल, जोडा. निर्णय दिल्लीतली समिती घेते आणि मंजुरी मिळेलच असं गृहीत धरायचं नाही. म्हणून विक्रेत्याला ॲडव्हान्स देऊ नका. विक्रेता थांबायला तयार नसेल तर सेट सोडून द्या. जगात अलॉयचा तुटवडा नाही.

परवान्याशिवाय माल आला तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली तो जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ चा दंड वेगळा. कलम १२५ प्रमाणे दंड भरून माल सोडवण्याची वाट असते, आणि 'फाइन भरू आणि सोडवू' असं सांगणारे सल्लागारही भेटतात. त्यांना एवढंच विचारा, की फाइनचा आकडा आज लिहून द्याल का? तो अधिकारी ठरवतो, आणि मुळात स्वस्त म्हणून घेतलेल्या मालाला तो परवडत नाही.

टायरसकट चाकं तर अजिबात मागवू नका. जुन्या टायरवर घातक व इतर कचऱ्याचे २०१६ चे नियम लागतात. गाड्यांच्या नव्या टायरची आयातसुद्धा जून २०२० पासून निर्बंधित आहे. विक्रेत्याला टायर उतरवून फक्त रिम पाठवायला सांगा. टायर नाशिकमध्येच घ्यायचे. सिएटचा कारखाना तर सातपूरलाच आहे. रिमसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६१९२ हे मानक आहे आणि त्यावर गुणवत्ता नियंत्रण आदेशही निघालेला आहे. आपल्या मालाला तो कसा लागतो, हे कस्टम ब्रोकरकडून, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटकडून, लेखी घ्या.

एक सेट, एक गाडी, घरगुती हौस, एवढंच असेल तर माझं मत सरळ आहे: हा खटाटोप करू नका. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन, हाताने चाचपून, पक्कं बिल घेऊन सेट आणा. ज्यांचं दुकान आहे, जीएसटी नोंदणी आहे आणि जे एका परवान्यावर बरेच सेट आणू शकतात, त्यांच्यासाठी पुढची वाट.

माप

चाक बसण्यासाठी चार आकडे जुळावे लागतात: नटांची संख्या आणि पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट (गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते). स्विफ्टची पीसीडी ४×१००, पोलोची ५×१००, क्रेटा आणि इनोव्हा क्रिस्टाची ५×११४.३, ऑक्टाव्हियाची ५×११२, फॉर्च्युनरची ६×१३९.७. ऑक्टाव्हियाला ५×११४.३ चं चाक 'थोडं ओढून' बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. मधलं भोक हबपेक्षा (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर हब रिंग घालून भागतं, लहान असेल तर चाक निरुपयोगी. ऑफसेट फार कमी असेल तर चाक मडगार्डच्या बाहेर येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल आधीच अडचणीचे, त्यात हे लांबूनच दिसतं. विमा कंपनीलाही बदल कळवलेला बरा.

विक्रेत्याकडून काय मागायचं

चाकाच्या पुढच्या बाजूचे चकचकीत फोटो सगळेच पाठवतात. तुम्ही मागची बाजू मागा. वेल्डिंग, तडा, ठोकून सरळ केलेला काठ, सगळं तिथे दिसतं. चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवलेला व्हिडिओ मिळाला तर उत्तम. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे तिथल्या सुरक्षा मानकांचे शिक्के पाहा. त्याच बाजूला चाक कुठल्या देशात बनलं ते कोरलेलं असतं आणि त्याचा कराशी थेट संबंध आहे. चीन, कोरिया आणि थायलंडमध्ये बनलेल्या अलॉय चाकांवर भारताने २०१५ मध्ये अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचा जादा कर, लावली होती. ही ड्युटी चाक बनलेल्या देशावर ठरते. चीनमध्ये बनलेलं चाक दुबईहून आलं तरी ते चिनीच धरलं जातं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचं आयातीचं घोषणापत्र, भरण्याच्या दिवशी कुठल्या देशावर ती चालू आहे, हे ब्रोकरकडून तपासून घ्या.

इन्व्हॉइसवर 'यूज्ड' लिहिलेलं हवं, खरी किंमत हवी आणि प्रत्येक चाकाचं माप हवं. 'गिफ्ट' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. भेटवस्तूंची करमाफीची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, उरली फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती. किंमत कमी दाखवण्याचा आग्रह तर मुळीच धरू नका. कस्टमकडे तुलनेसाठी भाव असतात आणि शंका आली की मूल्यांकन पुन्हा होतं. पॅकिंग पुठ्ठ्यात चालेल. लाकडी खोकं असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवाच.

कराचा हिशेब

चाकांचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, ८७०८ ७० ०० आहे. मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. गाड्यांच्या सुट्या भागांवर तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. त्यामुळे एकूण बोजा मालाच्या करपात्र किमतीच्या सुमारे ४९ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर आला. जुन्या व्हिडिओंमधला हिशेब म्हणूनच जुळत नाही.

करपात्र किंमत म्हणजे माल, वाहतूक आणि विमा यांची बेरीज. इथे एक बारकावा आहे आणि तो खिशावर चांगलाच परिणाम करतो. विमानाने माल आला तर प्रत्यक्ष भाडं कितीही असो, करासाठी ते मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. समुद्रमार्गे खरं भाडं पूर्ण धरतात. विम्याचा आकडा नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के.

समजा सेट ६०,००० रुपयांचा आणि विमानभाडं ३०,०००. भाड्यापैकी १२,००० धरले, विम्याचे ६७५, म्हणून करपात्र किंमत ७२,६७५. सीमाशुल्क १०,९०१, अधिभार १,०९०. दोन्ही मिळवून ८४,६६६, त्यावर आयजीएसटी १५,२४०. एकूण कर २७,२३१ रुपये. खिशातून मात्र भाड्याचे ३०,००० पूर्ण जातात, म्हणजे ब्रोकर आणि नाशिकपर्यंतचा टेम्पो धरण्याआधीच सेट १,१७,००० च्या पुढे. दुकानाची जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. घरच्या गाडीसाठी आणणाऱ्याला मिळत नाही. दोघांच्या गणितात खरा फरक पडतो तो इथे.

जपानशी २०११ पासून व्यापार करार आहे, मग सवलत का नाही, असा प्रश्न येतो. सवलतीला मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं आणि कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेल्या रिमचं ते विक्रेता कुठून देणार? ती सवलत हिशेबात धरू नका. परकीय चलनाचा दर बँकेचा नाही, कस्टमने जाहीर केलेला धरतात.

माल कुठे उतरवायचा

ओझरजवळ जानोरीला एचएएल आणि कॉनकॉर या सरकारी कंटेनर कंपनीचं मालवाहतूक संकुल आहे, पण थोड्या मालासाठी मुंबईतच सोडवणूक सोपी: विमानाने आला तर सहार, बोटीने आला तर न्हावा शेवा. बोटीचा दर ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये आलेल्या छोट्या खेपेवर इकडे डिलिव्हरी ऑर्डर, कंटेनर फोडणं, गोदाम असे आकार लागतात. ते विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नसतात. फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, हे भारतातले आकार लेखी मागवा.

द्राक्षांमुळे नाशिकला क्लिअरिंग एजंट नवे नाहीत. पण निर्यातीत मुरलेला माणूस जुन्या मालाच्या आयातीत तेवढाच तरबेज असेल असं नाही. 'सेकंडहँड माल याआधी सोडवलाय का?' हे पहिल्याच भेटीत विचारा आणि त्याचा कस्टम ब्रोकरचा परवाना क्रमांक पाहा.

ब्रोकर आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्री भरतो आणि कागद तिथल्याच ई-संचितवर चढवतो. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँक शाखेचा क्रमांक, आधीच नोंदवलेला असावा. माल बोटीने येत असेल तर बिल ऑफ एंट्री साधारणपणे तो पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेलं हवं, विमानाने येत असेल तर पोहोचण्याच्या दिवसापर्यंत. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लागू शकतात, म्हणजे आठवड्यात जवळजवळ चाकांची किंमत निघून जाते. तपासणी दुसऱ्याच शहरातला अधिकारी संगणकावर करतो. त्याच्या शंकेला उत्तर ऑनलाइनच द्यायचं असतं. ओळखीचा काही उपयोग नाही. कर आइसगेटवरच भरा. 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे माल सोडण्याचा कस्टमचा आदेश, झाल्यावर टेम्पो लावा, त्याआधी नाही.

बिल ऑफ एंट्री, परवाना, इन्व्हॉइस, कराचं चलन, सगळं जपून ठेवा. कमी भरलेला कर कस्टम एरवी दोन वर्षांपर्यंत मागू शकतं, लपवाछपवी आढळली तर पाच वर्षांपर्यंत.

बसवताना

टायर चढवण्याआधी रिकामं रिम मशीनवर फिरवून घ्या. वाकलेलं निघालं तर विक्रेत्याशी भांडायला पुरावा राहतो. नटांची बैठक पाहा: शंकूच्या आकाराच्या जागी गोल बैठकीचा नट चालत नाही, आणि गाडीचे मूळ नट अलॉयला बसतीलच असं नाही. टायरचा एकूण व्यास मूळ टायरपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नका, नाहीतर स्पीडोमीटर खोटं दाखवतो. नट टॉर्क रेंचने, आडवे-तिडवे आवळून घ्या. मग त्र्यंबकेश्वरला जाऊन या आणि परत आल्यावर, चाकं थंड झाली की, सगळे नट पुन्हा एकदा तपासा.