आधी कृपा, मग शिस्त: विश्वासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी

नव्याने विश्वासात आलेल्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "आता रोज काय काय करायचं?" सकाळी किती वाजता उठायचं, बायबलचे किती अध्याय वाचायचे, उपवास कधी धरायचा, कोणत्या सवयी सोडायच्या. प्रश्न मनापासूनचा असतो आणि मला जमलेली उत्तरं मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी मी त्यांना निर्गमाचं पुस्तक उघडायला सांगतो. दहा आज्ञा येतात २०व्या अध्यायात. समुद्र दुभंगून इस्राएल लोक पलीकडे पोचतात ते १४व्या अध्यायात. आधी सुटका झाली, आज्ञा नंतर आल्या. आणि त्या आज्ञांची सुरुवातही 'मी तुला दास्यातून बाहेर आणलं' या आठवणीनेच होते. प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्रही याच क्रमाने जातं. ११ अध्याय देवाने काय केलं याचे, आणि १२व्यापासून आपण कसं जगायचं याचे.

हा क्रम मनात पक्का नसला तर शिस्त फार लवकर कडू होते. नेम पाळला गेला की मन फुगतं, मोडला की देव पाठ फिरवून बसलाय असं वाटतं. लूकच्या १८व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करायचा, उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा, म्हणजे शिस्तीत कुठेच कमी नव्हता. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो लोक ज्याला पापी समजत तो जकातदार. मला स्वतःला आधार वाटतो तो तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा. तिथे पौल म्हणतो की देवाची कृपाच आपल्याला मर्यादेने जगायला शिकवते. कृपा माफ करून निघून जात नाही, ती शिकवायलाही थांबते. हे एकदा उमगलं की पहाटेचा गजर शिक्षा वाटत नाही.

आता रोजचा दिवस. सुरुवात इतकी लहान करा की आजारपणातही ती जमावी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या प्रस्तावनेतच ते म्हणतात की कठोर किंवा जड असं काही लादायची आपली इच्छा नाही. २०व्या प्रकरणात तर प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी, असं स्पष्ट सांगतात. ज्यांनी आयुष्यभर प्रार्थनेलाच वाहून घेतलं त्यांचा हा सल्ला आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. नवख्या माणसाचा उत्साह पहिल्याच आठवड्यात तासाभराच्या प्रार्थनेकडे धावतो, आणि महिन्याच्या आत ना तास उरतो ना प्रार्थना. दहा मिनिटं ठरवा, पण जागा आणि वेळ एकच ठेवा. दानीएल दिवसातून तीनदा त्याच खिडकीपाशी गुडघे टेकत असे. ती सवय इतकी मुरलेली होती की राजाचा मनाईहुकूम निघाला तेव्हा त्याला नव्याने काही ठरवावं लागलं नाही, तो नेहमीसारखा प्रार्थनेला बसला.

माझा स्वतःचा एक नियम मी सगळ्यांना सांगतो: सकाळी वचन आधी, फोन नंतर. फोन वाईट म्हणून नव्हे. जागं होताच जो आवाज आधी कानात शिरतो तोच मनात दिवसभर घोळत राहतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

वाचायचं काय? बरेच जण उत्पत्तीपासून सुरू करतात आणि लेवीयापाशी अडखळतात. मार्कपासून सुरू करा. १६ अध्यायांचं सगळ्यांत लहान शुभवर्तमान आहे, आणि येशू चालतोय, थकतोय, रागावतोय, स्पर्श करतोय हे त्यात जवळून दिसतं. सोबत रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत आणि ती सगळीच गोड नाहीत. १३वं 'किती काळ?' असं विचारत सुरू होतं, ८८वं तर अंधारातच संपतं. देवाच्या पुस्तकात अशा प्रार्थनांना जागा आहे हे नवख्या विश्वासणाऱ्याला लवकर कळावं असं मला फार वाटतं. नाहीतर तो देवापुढेही चेहरा नीटनेटका करून बसतो. वाचताना एक ओळ निवडा आणि ती दिवसभर सोबत ठेवा. आवडली म्हणूनच निवडायला हवी असं नाही, खुपली म्हणूनही निवडा.

प्रार्थनेत मन भटकतं, आणि ते सगळ्यांचं भटकतं. कामाची धास्ती, कुणाशी झालेला वाद, पैशाची चिंता नेमकी डोळे मिटल्यावरच येते. मी ते विचार हाकलत बसत नाही. मन जिथे गेलं तिथलीच प्रार्थना करतो: त्या माणसाचं नाव घेतो, ती चिंता देवासमोर मांडतो आणि मग परत मूळ जागी येतो. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना आहेच. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' या छोट्या पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. एकेका विनंतीवर थांबत म्हटली तर दहा मिनिटंही पुरत नाहीत.

आता आत्मसंयमाकडे येतो, कारण खरी ओढाताण तिथेच असते. मत्तयाच्या १२व्या अध्यायात येशू एक दाखला देतो. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, फिरून परत येतो, तर घर रिकामं, झाडून सजवलेलं सापडतं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो आणि तिथे वस्ती करतो. सवयी सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला जवळ ठेवावा. आपण सगळं लक्ष सोडण्यावर लावतो, घर झाडून ठेवतो, आणि ते भरायचं राहून जातं. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हे किती व्यवहारी रीतीने सांगतो बघा. खोटं सोडा एवढंच म्हणत नाही, शेजाऱ्याशी खरं बोला म्हणतो. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, एवढंच पुरेसं मानत नाही, त्याने हातांनी कष्ट करावेत म्हणतो, आणि तेही गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून. कुजकट बोलणं टाकून ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोलायला सांगतो. सोडायच्या प्रत्येक गोष्टीशेजारी धरायची गोष्ट ठेवलेली आहे.

म्हणून कुणी मला सांगितलं की अमुक सवय सोडायची आहे, तर मी विचारतो, त्या वेळेत काय करणार? रात्री उशिरापर्यंत पडद्याला चिकटून राहायची सवय असेल, तर 'आजपासून नाही' या निश्चयावर फार दिवस निघत नाहीत. त्याच वेळी एखाद्या आजारी माणसाची विचारपूस करणारा फोन करायचा, उद्याचं काम लावून ठेवायचं, नाहीतर सरळ झोपायचं, असं काहीतरी ठरलेलं हवं. जिभेचंही तसंच. याकोब तिसऱ्या अध्यायात म्हणतो की जिभेला वश करणं कोणाही माणसाला साधत नाही. हे वाचून हात टेकायचे नसतात. ज्याच्याबद्दल वाईट बोलावंसं वाटतं त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायला लागलं की बोलण्याची धार बोथट होते, हे मी स्वतःत होताना पाहिलं आहे. ज्या माणसाला सकाळी देवापुढे नेलं त्याची दुपारी निंदा करायला जीभ कचरते.

संध्याकाळचं आत्मपरीक्षण हा मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला नेम. सोळाव्या शतकातले इग्नेशियस लोयोला यांनी त्याच्या पाच पायऱ्या आखून दिल्या: आभार मानणं, स्वतःला नीट पाहता यावं म्हणून कृपा मागणं, दिवस तासातासाने आठवणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी निश्चय करणं. यातला क्रम जपा. पहिली पायरी आभाराची आहे. नवखी माणसं ती गाळून थेट चुकांवर येतात आणि मग रोजची संध्याकाळ म्हणजे स्वतःवरचा खटला होऊन बसते. आधी दिवसभरात काय मिळालं ते मोजलं की चुकाही त्याच प्रेमळ नजरेखाली दिसतात, लपवाव्याशा वाटत नाहीत. एखाद्या विशिष्ट दोषाशी झगडत असाल तर इग्नेशियस यांची आणखी एक रीत आहे. दिवसागणिक रेघा आखायच्या, दोष घडला की त्या रेघेवर ठिपका द्यायचा, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. मला ती रागासाठी कामी आली. राग ठरावीक वेळी, ठरावीक थकव्यानंतर येतो हे ठिपक्यांवरून कळलं, आणि प्रार्थनेत नेमकं काय मागायचं तेही कळलं. एक मात्र सांभाळा: ज्यांचा स्वभावच स्वतःला कोरत बसण्याचा आहे त्यांनी ठिपक्यांच्या वाटेला जाऊ नये, त्यांना पहिली पायरीच दुप्पट घ्यावी लागते.

आणि मग कोरडे दिवस येतात. ते येतातच, आणि याबद्दल नवख्यांना कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. सुरुवातीची ऊब ओसरते, वचन वाचताना काहीच हलत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे एवाग्रियस (मृत्यू ३९९) यांनी या अवस्थेचं इतकं अचूक वर्णन केलं आहे की वाचताना आपणच सापडल्यासारखं होतं. भर दुपारी संन्याशाला वाटतं सूर्य हलतच नाही, दिवस ५० तासांचा झाला आहे. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का पाहतो, ही जागा नको, हे काम नको, इथल्या माणसांत प्रेम उरलेलं नाही असं त्याला वाटायला लागतं. एवाग्रियस यांचा उपाय साधा आहे: जागा सोडू नकोस. वाळवंटातलेच संन्यासी संत अंतोनी यांच्याबद्दलही अशीच आठवण सांगतात. वाळवंटात असेच कंटाळून, उदास होऊन बसले असताना त्यांना एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळायचा, उठून प्रार्थना करायचा, परत बसून दोरी वळायचा. असंच कर म्हणजे तरशील, हे शब्द त्यांच्या कानी पडले.

माझा अनुभव यापेक्षा निराळा नाही. कोरड्या दिवसांत मी नेम वाढवत नाही आणि सोडतही नाही. तीच दहा मिनिटं, तीच जागा, आणि हाताला काहीतरी काम. देव दूर गेला असं वाटतं तेव्हा त्याच्याशी बोलायची सवय तेवढी शिल्लक असते, आणि तिच्याच आधाराने चालत राहता येतं. पण कोरडेपणाला नेहमीच आध्यात्मिक कारण असतं असं मानू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाशी संभाषण होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. झोप अपुरी असेल तर आधी झोपा. उदासी आठवडे न आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाला कमीपणा येत नाही.

उपवासाबद्दल थोडंच. मत्तय ६ प्रमाणे तो गाजावाजा न करता करावा, आणि यशया ५८ प्रमाणे त्यातून कुणा भुकेल्याच्या वाट्याला काहीतरी यावं. प्रकृतीची तक्रार असेल तर अन्नाऐवजी दुसरं काही सोडावं. दानाचंही तसंच: रक्कम आधी बाजूला काढा, उरलं तर देऊ असं ठेवू नका. आणि आठवड्यातला विसाव्याचा दिवस खरंच विसाव्याचा ठेवा. मार्क २ मध्ये येशू म्हणतो की शब्बाथ माणसासाठी झाला. भक्तीच्या कार्यक्रमांनीच तो दिवस दमवणारा करून ठेवणं मला पटत नाही.

दिवसाचा सगळ्यांत मोठा भाग मात्र कामात जातो, आणि ते काम विश्वासाच्या बाहेर राहिलं तर दहा मिनिटांची प्रार्थना एकटी पडते. बेनेडिक्ट ३१व्या प्रकरणात कोठार सांभाळणाऱ्याला सांगतात की मठातली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समज. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स होते. त्यांना मुळात स्वयंपाकघराचं काम नकोसं वाटायचं, तरी देवाशी बोलत बोलत त्यांनी तेच काम वर्षानुवर्षं केलं. मी कामाला हात घालण्याआधी एक वाक्य म्हणतो, 'प्रभू, हे तुझ्यासोबत.' कंटाळवाण्या कामाआधी तर आवर्जून म्हणतो.

शेवटचं, आणि हे टाळू नका: एक सोबती शोधा. बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक 'एकापेक्षा दोघे बरे' म्हणतं, याकोब एकमेकांजवळ पातकं कबूल करायला सांगतो. पाळक असोत, फादर असोत, विश्वासात मुरलेलं कुणी वडीलधारं असो; ज्याच्या पोटात गोष्ट राहते आणि जो तुम्हाला घाबरत नाही असा माणूस निवडा. ठरावीक दिवशी भेटा. तीन प्रश्न पुरतात: कुठे देव जवळ वाटला, कुठे घसरलात, आता कुणाशी समेट करायचा आहे. आणि तुम्ही स्वतः कुणाचे सोबती झालात, तर त्याने घसरल्याचं सांगितल्यावर लगेच सल्ला देऊ नका. योहानाच्या पहिल्या पत्रातला १:९ हा चरण दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, त्याला क्षमा झाली आहे हे त्याच्या नावाने म्हणा, आणि मग एवढंच विचारा की उद्या सकाळी किती वाजता बसणार आहेस.