सी येतं म्हणजे सिस्टम्स येतं का?

गेल्या महिन्यात कोथरूडला चहा पिताना तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारलं, "दादा, एसपीओएसला चांगले मार्क आहेत, सी भाषासुद्धा येते. मग सिस्टम्समध्ये जाता येईल ना?" पुणे विद्यापीठाच्या या विषयात, म्हणजे सिस्टम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टममध्ये, टू-पास असेंब्लर, मॅक्रो प्रोसेसर असे कोडचं रूपांतर करणारे प्रोग्रॅम लिहावे लागतात. ते मनापासून लिहा. पण सिस्टम्स प्रोग्रॅमिंग तेवढंच, असं मीही समजायचो.

समज बदलली पहिल्या नोकरीत, एका स्टोरेज कंपनीत. मेटाडेटाची (डेटाविषयीच्या माहितीची) फाइल लिहिणारा माझा कोड सगळ्या टेस्ट पास झाला होता. माझ्या लीडने लॅबमधल्या मशीनची वायरच उपटली. मशीन परत सुरू झालं तेव्हा फाइल होती, आत शून्य बाइट! राइट यशस्वी झाला म्हणजे डेटा कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) पोचला, एवढंच. डिस्कवर तो नंतर उतरतो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगला यात 30 सेकंदही जाऊ शकतात. मग मी तात्पुरत्या नावाने लिहून, एफसिंक करून (डेटा डिस्कवर उतरवायला लावून) मूळ नावाने रीनेम केलं. लीडने पुन्हा वायर काढली, तर जुनीच फाइल समोर. रीनेमनंतर डिरेक्टरीलाही एफसिंक लागतं, हे तेव्हा कळलं.

माझ्या मते सिस्टम्स प्रोग्रॅमिंगची खूण हीच: तुमच्या कोडचा वापरकर्ता दुसरा प्रोग्रॅम असतो आणि तो तुमच्या भरवशावर निर्धास्त असतो. कर्नल, ड्रायव्हर तर आलेच; डेटाबेसचं स्टोरेज इंजिन, कंपायलर, व्हर्च्युअल मशीन चालवणारे हायपरवायझरही आले. भाषेवरून ठरवू नका. 1973 मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये लिहिला गेला, म्हणून ती ओळख चिकटली. डिसेंबर 2022 च्या लिनक्स 6.1 मध्ये रस्ट ही भाषाही आली. सीमध्ये पगारपत्रक लिहिलंत तरी ते ॲप्लिकेशनच. अनेक मशीनवर ॲप्लिकेशन चालवणारं कुबरनेटीस गो या भाषेत आहे, तरी मी ते सिस्टम्समध्ये धरतो; माझे काही सहकारी धरत नाहीत.

सुरुवात करायची तर छोटा की-व्हॅल्यू स्टोअर (नाव दिलं की त्याची किंमत परत देणारा साठा) लिहा आणि तो एसट्रेसखाली, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलला काय काय सांगतो ते दाखवणाऱ्या साधनाखाली, चालवून बघा. नुसत्या किल -9 ने (प्रोसेस तिथल्या तिथे मारणाऱ्या आज्ञेने) तपासू नका: प्रोसेस मरते, पेज कॅश शाबूत राहते, आणि चुकीचा कोडही बरोबर भासतो. व्हर्च्युअल मशीन घ्या, लिहिणं चालू असतानाच ते सक्तीने बंद करा.

तो मुलगा सध्या इथवर आलाय. त्याच्या फाइलमधली शेवटची नोंद कधी कधी अर्धीच सापडते, म्हणून आता तो प्रत्येक नोंदीला चेकसम (नोंद पूर्ण आहे का ते पडताळायचा आकडा) जोडतोय.